पाणी कुठं मुरतंय? टोलेडो शहर, ईरी सरोवर आणि शेताखालची नळी

शनिवार, २ ऑगस्ट २०१४. पहाटे दोनच्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो महापालिकेने सूचना काढली: नळाचं पाणी पिऊ नका, त्याने दात घासू नका, आणि मुख्य म्हणजे उकळूनही पिऊ नका. पाण्याविषयी शंका आली की आपल्याकडे पहिला सल्ला 'उकळून प्या' हाच असतो. इथे त्याने घात झाला असता. पाण्यात मायक्रोसिस्टिन नावाचं विष होतं. ते यकृतावर घाला घालतं आणि उकळल्याने नष्ट होत नाही. उलट पाण्याची वाफ होते, विष भांड्यातच राहतं आणि उरलेलं पाणी जास्त विषारी होतं.

उजाडेपर्यंत शहरातल्या दुकानांमधल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. लोक गाड्या काढून शेजारच्या राज्यात पाणी शोधत गेले. चार लाखांहून अधिक माणसं, आणि काठावर जगातलं एक अवाढव्य गोड्या पाण्याचं सरोवर! गव्हर्नर जॉन केसिक यांनी आणीबाणी जाहीर केली, नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटू लागले. सोमवारी सकाळी बंदी उठली. महापौर मायकेल कॉलिन्स यांनी कॅमेऱ्यांसमोर नळाच्या पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि अधिकृतपणे संकट संपलं.

हे विष कुणी कारखान्यातून सोडलेलं नव्हतं. ते सरोवरातच तयार झालं होतं, मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळातून. शेवाळाला खाद्य मिळालं होतं स्फुरदाचं (म्हणजे फॉस्फरसचं), आणि स्फुरद आलं होतं मुख्यतः शेतांमधून. त्यानंतर ओहायोत दहा वर्षांहून जास्त काळ एकाच प्रश्नावर भांडण चाललं आहे: शेतकऱ्याने खत कसं, कधी, कुठे टाकायचं हे सरकारने ठरवावं का? मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं, कारण यात कुणीही सरळसोट खलनायक नाही आणि तरीही पाणी हिरवं होतंच.

आधी भूगोल. मॉमी नावाची नदी इंडियानातल्या फोर्ट वेन शहरापासून निघते आणि टोलेडोपाशी ईरी सरोवराला मिळते. तिचं खोरं सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपले सांगली आणि कोल्हापूर जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडंसं मोठं. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग शेतीखाली: मका, सोयाबीन, थोडा गहू. नदी जिथे सरोवरात उतरते तो पश्चिमेकडचा भाग उथळ आहे, सरासरी खोली साडेसात मीटरच्या आसपास. पाणी उन्हाळ्यात लवकर तापतं. म्हणजे उबदार, उथळ पाणी आणि वरून खताचा पुरवठा. शेवाळाला आणखी काय हवं?

आता दीडशे वर्षं मागे जाऊ, कारण खरी मेख तिथे आहे. आज जिथे मका डोलतो तिथे तेव्हा 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची हजारो चौरस किलोमीटरची दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती उपसून काढली गेली. सरकारी कायद्याने सामाईक चर खणले गेले, त्यांचा खर्च लाभ घेणाऱ्या जमीनमालकांवर वाटला गेला, आणि शेतांखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या गेल्या. त्या नळ्या भाजायला गावोगावी भट्ट्या उभ्या राहिल्या. आज मातीच्या जागी प्लास्टिकचे सच्छिद्र पाइप आले, पण व्यवस्था तीच: जमिनीत साधारण दोन हातांवर पाइप, त्यातून निचऱ्याचं पाणी चरात, चरातून ओढ्यात, ओढ्यातून मॉमीत. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकतात. ते ज्याने पाहिलंय त्याला हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. फरक एवढाच की मॉमीच्या खोऱ्यात ही व्यवस्था बहुतेक शेतांखाली पसरली आहे.

'सरकारने शेतीत लुडबुड करू नये' असं ओहायोतले शेतकरी म्हणतात तेव्हा मला ही दलदल आठवते. ती शेतं मुळात सरकारी कायद्याच्या चरांवरच उभी आहेत. पाणी शेतातून लवकर बाहेर काढायला कायदा चालला. बाहेर आलेल्या पाण्यात काय आहे हे विचारायची वेळ आली, तेव्हा मात्र कायदा नकोसा झाला.

ईरी सरोवर एकदा आधीही 'मेलं' होतं. १९६० च्या दशकात वर्तमानपत्रं त्याची मरणवार्ता छापत होती. १९६९ मध्ये त्याला मिळणाऱ्या कायहोगा नदीच्या पाण्यावरच्या तेलकट थराने पेट घेतला. मग १९७२ हे वर्ष आलं. अमेरिका आणि कॅनडाचा सरोवरांच्या पाण्याविषयीचा करार झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत क्लीन वॉटर ॲक्ट संमत झाला. सांडपाणी केंद्रांवर बंधनं आली, कपडे धुण्याच्या पावडरीतलं स्फुरद कमी करायला लावलं, आणि पुढे वर्षाला ११ हजार टन ही स्फुरदाची मर्यादा ठरली. १९८० च्या दशकात सरोवर त्या मर्यादेत आलंसुद्धा. पाणी निवळलं, मासे परतले. सरकारी नियमांनी मेलेलं पाणी जिवंत केल्याचं हे जगातलं एक ठळक उदाहरण आहे, आणि हे काम ऐच्छिक आवाहनांनी झालेलं नाही हे लक्षात ठेवावं.

पण त्या कायद्यात एक दार उघडं राहिलं. कायदा प्रदूषणाच्या 'बिंदू स्रोतांना' परवाना घ्यायला लावतो. बिंदू स्रोत म्हणजे बोट दाखवता येईल अशी जागा. व्याख्येत पाइप, चर, नाली हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. पुढे मात्र सूट आहे: सिंचनाच्या शेतातून परत येणारं पाणी (१९७७ पासून) आणि पावसाने शेतातून वाहून येणारं पाणी (१९८७ पासून) यांना बिंदू स्रोत म्हणायचं नाही. म्हणजे कारखान्याचा पाइप हा पाइप, आणि शेताखालचा पाइप हा पाऊस!

आयोवा राज्यात हे दार ढकलून पाहिलं गेलं. तिथल्या डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये तीन काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) निचरा मंडळांवर दावा लावला. शेताखालच्या पाइपांतून येणारं नायट्रेट काढायला आमचा पैसा जातो, तेव्हा या पाइपांना परवाना लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्च २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. शेताखालचा पाइप हा बिंदू स्रोत आहे की नाही, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातच लावला नाही. निचरा मंडळांना राज्याच्या कायद्याने जे संरक्षण होतं तिथेच प्रकरण थांबलं.

ईरीचं पाणी १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर पुन्हा बिघडू लागलं. ओहायोतल्या टिफिन गावच्या हायडलबर्ग विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून मॉमीच्या पाण्याचे नमुने घेऊन ठेवले आहेत, म्हणून नेमकं काय बदललं ते कळतं. एकूण स्फुरद फारसं वाढलं नव्हतं. वाढलं होतं ते पाण्यात विरघळलेलं स्फुरद. मातीला चिकटून आलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग शेवाळाला लागू पडतो, विरघळलेलं मात्र सगळंच्या सगळं. जणू एकाला कच्चे तांदूळ दिले आणि दुसऱ्याला वाढलेलं ताट.

हे कसं झालं? गंमत अशी की यातला एक धागा चांगल्या कामातून निघतो. मातीची धूप थांबावी म्हणून विनानांगर शेतीचा प्रसार झाला, तो सरकारनेच केला. धूप कमी झाली, हे खरं. पण नांगरट नसली की वरून फोकलेलं खत मातीत मिसळत नाही, वरच्या दोन बोटांच्या थरात साचून राहतं. न नांगरलेल्या चिकणमातीत भेगा आणि गांडुळांची बिळं शाबूत राहतात. जोराचा पाऊस आला की पाणी वरचं स्फुरद विरघळवून भेगांतून थेट खालच्या पाइपात उतरतं. माती गाळणी असते हे आपण शाळेत शिकलो. इथे गाळणीला वरपासून खालपर्यंत भोकं आहेत.

त्यात खत टाकायची वेळ. वसंतात पेरणीची घाई असते, जमीन ओली असते, म्हणून बरेच जण कापणीनंतर शरद ऋतूतच खत फोकून मोकळे होतात. बहुतेकदा हे काम भाड्याच्या यंत्राने, कंत्राटदाराकडून होतं. जमीनही पुष्कळदा खंडाची असते. पुढच्या वर्षी हीच जमीन आपल्याकडे असेल याची खात्री नसेल, तर खत पेरून देणाऱ्या महागड्या अवजारात पैसे कोण घालणार? यात जनावरांचं मलमूत्रही येतं. मोठ्या गोठ्यांना परवाना लागतो, त्याखालच्यांना नाही, आणि मर्यादेच्या जेमतेम खाली राहणारे गोठे का वाढतात हे सांगायला तज्ज्ञ नको.

आता या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित. शेतकरी संघटनांचा ठरलेला युक्तिवाद असा की खत महाग आहे, शेतकरी ते वाया कशाला घालवेल? बाजारच त्याला शिस्त लावेल. युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे, पण आकडे घालून पाहू. मॉमीतून मार्च ते जुलै या काळात जाणारं स्फुरद ८६० टनांवर आणायचं असं अमेरिका आणि कॅनडाने ठरवलं आहे. ही २००८ च्या तुलनेत ४० टक्के कपात, म्हणजे साधारण ५७० टन कमी करायचे. खोरं १७ लाख हेक्टरचं. म्हणजे हेक्टरी सुमारे ३३५ ग्रॅम स्फुरद. डीएपी खतामध्ये मूळ स्फुरद वीस टक्के धरलं, तर हे एकरी जेमतेम पाऊण किलो डीएपी झालं. आपल्याकडच्या १३५० रुपयांच्या पोत्याच्या भावाने किंमत वीस रुपयांच्या आत!

वीस रुपयांसाठी कुठलाही शेतकरी आपली पद्धत बदलणार नाही. मी तरी बदलणार नाही. त्याच्या हिशेबात ही गळती दिसतच नाही, आणि सरोवराच्या हिशेबात तीच सगळं काही आहे. म्हणून 'बाजार शिस्त लावेल' हे इथे लागू पडत नाही. आणि 'प्रत्येकाने पाऊण किलो खत कमी टाकावं' असा नियम केला तरी उपयोग नाही, कारण प्रश्न मात्रेचा कमी आणि गळतीचा जास्त आहे. तेच खत वाफसा असताना मातीत चार बोटं खोल पेरून दिलं तर पिकाला मिळतं. गोठलेल्या जमिनीवर किंवा पावसाच्या आदल्या दिवशी फोकलं तर टोलेडोला मिळतं.

टोलेडोचा तो शनिवार यायच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, जवळच्याच कॅरोल टाउनशिपमध्ये याच विषामुळे सुमारे दोन हजार लोकांचं पाणी बंद करावं लागलं होतं. दोन हजार लोकांकडे कोण बघतं! २०१४ मध्ये तर शेवाळाचा थर विक्रमी नव्हताच. विक्रम २०११ चा होता, आणि तो पुढे २०१५ ने मोडला. २०१४ मध्ये वाऱ्याने थर नेमका शहराच्या पाणी उचलण्याच्या जागेवर ढकलला, एवढंच.

त्यानंतर ओहायो सरकारने काय केलं? संकटाच्या काही महिने आधीच एक कायदा झाला होता: पन्नास एकरांहून जास्त क्षेत्रावर खत टाकणाऱ्याने प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवायचं. २०१५ मध्ये दुसरा आला: ईरीच्या पश्चिम खोऱ्यात गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या किंवा पाण्याने तुडुंब भरलेल्या जमिनीवर खत टाकायला मनाई. 'वाफसा नसताना खत टाकू नका' ही आपल्या आजोबांची शिकवण तिथे कायद्याच्या कलमात गेली, आणि हे मला मनापासून पटतं. पण अपवाद पुष्कळ, तपासणी मुख्यतः तक्रारीवर. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणार कोण? बांधाला बांध लागलेला असतो.

२०१८ च्या जुलैत केसिक यांनी पुढचं पाऊल टाकलं. आठ उपखोरी 'संकटग्रस्त' ठरवा, म्हणजे तिथे खतनियोजन सक्तीचं करता येईल, असा आदेश त्यांनी काढला. राज्याच्या मृदा आणि जलसंधारण आयोगाने तो विषय समितीकडे सोपवला. समितीकडे गेलेल्या विषयाचं काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. ऑक्टोबरात केसिक यांनी आपल्याच कृषी संचालकांना, डेव्हिड डॅनियल्स यांना, पदावरून दूर केलं. जानेवारीत केसिक यांची मुदत संपली आणि आदेशाची हवाही गेली.

वैतागलेल्या टोलेडोकरांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये मतदान घेऊन ईरी सरोवरालाच हक्क देऊन टाकले: जगण्याचा, फुलण्याचा हक्क. ६१ टक्के मतं बाजूने पडली. दुसऱ्याच दिवशी एका शेतकरी कुटुंबाची भागीदारी संस्था न्यायालयात गेली आणि वर्षभराने न्यायाधीश जॅक झूहारी यांनी तो ठराव संदिग्ध आणि म्हणून घटनाबाह्य ठरवला. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. किती खत टाकल्यावर सरोवराचा हक्क मोडतो हे ठरावात कुठेच नव्हतं, आणि माप नसलेल्या नियमाने कुणाला दंड करणार? पण लोक अशा ठरावापर्यंत का गेले, हे समजण्यासारखं आहे.

नवे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी काठी ठेवून गाजर घेतलं. 'एचटूओहायो' नावाची योजना आली. खताचा आराखडा करा, खत पेरून द्या, दोन पिकांच्या मध्ये आच्छादन पीक घ्या, आणि त्याचे एकरी पैसे घ्या. दहा लाखांहून अधिक एकर नोंदले गेले. योजना वाईट नाही. पण करार संपला की शेतकरी मोकळा, आणि जिथून सर्वात जास्त गळती होते तो शेतकरी आला की नाही हे नशिबावर. शिवाय दशकानुदशकं खत साचलेल्या काही शेतांना नवं स्फुरद वर्षानुवर्षं लागणारच नाही. तिथे 'कमी टाका' नव्हे, 'टाकूच नका' म्हणावं लागेल, आणि ते पैसे देऊन म्हणणं विचित्र आहे.

सरकारने नियमन करावं का, याचं माझं उत्तर 'हो' आहे. मात्र पोत्यांवर नव्हे, वेळेवर आणि जागेवर. डेन्मार्कने १९८० च्या दशकापासून नियम आणले, पुढे शेतकऱ्यांना खताचा जमाखर्च ठेवायला लावला, आणि समुद्रात जाणारं नत्र (नायट्रोजन) जवळपास निम्म्यावर आणलं. तिथली शेती बुडाली नाही. कुरकुर झाली, नियम पुढे काहीसे सैलही झाले, पण हिशेब ठेवणं राहिलं.

हे सगळं उचलून आपल्याकडे आणावं असं मात्र मी म्हणणार नाही. आपली स्थिती ईरीच्या १९७० च्या दशकासारखी आहे. उजनीचं पाणी हिरवं दिसतं त्यासाठी आधी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याला जाब विचारावा लागेल, मग उसाच्या फडाला. आणि आपल्याकडे सरकार खतापासून लांब आहे असंही नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने पोत्याचा दर्जा, विक्री आणि भाव सगळं बांधलेलं आहे. पंचेचाळीस किलो युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं ते सरकारमुळेच. २०१० नंतर स्फुरद-पालाशचे भाव चढू दिले आणि युरियाचा तिथेच ठेवला, त्यामुळे शेतकऱ्याचा हात युरियाकडे वळला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोतं दुकानातून बाहेर पडेपर्यंत अंगठ्याच्या ठशासकट सगळी नोंद, बांध ओलांडला की कुणी विचारत नाही.

टोलेडोकडे परत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी तिथली गत झाली. शहराने कॉलिन्स पार्कच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या नूतनीकरणाचा सुमारे ५० कोटी डॉलरचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात विष मोडणारी ओझोन यंत्रणा आहे, आणि पैसे पाणीपट्टीतून आले. त्या शहरात गरीब वस्ती मोठी आहे. वरच्या खोऱ्यातल्या एकरी वीस रुपयांच्या गळतीचं बिल खालच्या गावातली भाडेकरू बाई भरते.

न्यायालयाच्या रेट्यानंतर मॉमी खोऱ्यासाठी स्फुरदाची कमाल मर्यादा ठरवणारी योजना तयार झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने ती मंजूर केली. परवानाधारकांवर आकडे बांधले गेले. शेतांसाठी मात्र भर पुन्हा ऐच्छिक उपायांवरच. ४० टक्के कपातीची ठरवलेली मुदत २०२५ ची होती. ती पाळली गेली नाही.

टोलेडोच्या वरच्या अंगाला वॉटरव्हिल गाव आहे. तिथे मॉमीच्या पाण्याचे नमुने सतत घेतले जातात, आणि कुठल्या दिवशी किती स्फुरद गेलं याचा हिशेब तिथे लागतो. त्याच्या वर, नदीच्या दोन्ही अंगांना, हजारो पाइपांची तोंडं चरांमध्ये उघडतात. संशोधकांनी काही शेतांच्या कडेला मोजणी यंत्रं बसवली आहेत, पण ती ज्या शेतकऱ्यांनी स्वतःहून 'या' म्हटलं त्यांच्याच शेतावर. शेतकऱ्याने सरकारी कृषी खात्याला दिलेली माहिती उघड करायला २००८ च्या कृषी कायद्यातलं एक कलम बंदी घालतं. जूनमध्ये जोराचा पाऊस झाला की वॉटरव्हिलला आकडा चढतो. तो कुणाच्या बांधाखालून आला, हे विचारायची सोय नाही.